एकशे चौसष्ट भोकांची चकती

सासऱ्यांच्या वर्कशॉपमधून निघालेली एक लोखंडी चकती नेमकी कशाची, हे शोधण्यात आमचे यंदाचे जानेवारी ते मार्च गेले. सांगली-मिरज-कुपवाड भागात घरामागे लेथ (धातूचा तुकडा फिरवत कापायचं यंत्र) टाकून आयुष्यभर काम केलेली माणसं खूप आहेत. ती गेल्यावर मागे राहिलेल्या पोत्यांचं काय करायचं, हा प्रश्न घरोघरी पडतो आणि बहुतेक वेळा भंगारवालाच तो सोडवतो. देण्याआधी एखादी वस्तू ओळखायची असेल तर कुठून सुरुवात करावी, कुणाकडे जावं, किती खर्च येतो, हे आम्हाला सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. माझे सासरे, अण्णा, किर्लोस्करवाडीला काम शिकले आणि नंतर सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी स्वतःचं वर्कशॉप काढलं. माझं लग्न झालं तोवर शेडमध्ये एक लेथ तेवढा उरला होता, पुढे तोही विकला. २०१९ च्या महापुरात कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा शेड पत्र्यापर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर अण्णांनी हाती लागेल ते सामान धुऊन पोत्यांत भरलं आणि पोती माळ्यावर टाकली. ती पुन्हा उघडायला ते राहिले नाहीत.

११ जानेवारीला, संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी, शेडचे पत्रे बदलायचे म्हणून माळा रिकामा केला. बरचसं सामान ओळखीचं होतं: ड्रिल, टॅप, स्पॅनर, लेथची हत्यारं. एका पोत्याच्या तळाशी ही चकती होती. गोल, चपटी, गंजून तांबूस-काळी झालेली. मध्ये मोठं भोक, त्याच्याभोवती स्क्रूची तीन भोकं, आणि तिथून कडेपर्यंत बारीक भोकांची एकात एक अशी सहा वर्तुळं. पुराचा गाळ अजून भोकांत वाळून बसला होता.

भंगारवाले दारातच उभे होते. लोखंडाचा भाव त्या दिवशी ३० रुपये किलो सांगितला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर चकती ७३५ ग्रॅम भरली, म्हणजे बावीस रुपयांची. त्यांनी ती हातात फिरवून पाहिली आणि म्हणाले, "क्लचप्लेट हाय ताई ही. द्या टाकून." मी दिली नाही. भोकं फार नीट पाडलेली होती. एवढ्या मेहनतीने केलेली वस्तू काय आहे हे न कळताच जावी, हे मनाला पटेना.

पहिला आठवडा अंदाज ऐकण्यातच गेला. शेजारच्या काकूंनी बघताक्षणी सांगितलं, "अगं, शेवेच्या सोऱ्याची चकती ही, कुठल्या तरी हॉटेलातली." मोठ्या दिरांचं मत पडलं की हा किर्लोस्कर पंपाचा फ्लँज, म्हणजे पाइप जोडायची चकती. नात्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकला तर मोरीची जाळी इथपासून जुन्या टेलिफोन एक्स्चेंजचा भाग इथपर्यंत उत्तरं आली. फोनमधल्या फोटो ओळखणाऱ्या अ‍ॅपनेही मोरीचीच जाळी दाखवली. सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मशिनी दोन होत्या. एक आडवी लांब, ती लेथ. दुसरी उंच होती. तिच्यावर ते मोजत मोजत काम करायचे, तेव्हा मी चहासाठी हाक मारायची नाही. हाक मारली की हिशेब चुकायचा." हे वाक्य मी तेव्हाच वहीत लिहून ठेवलं आणि ते फार कामाला आलं. घरात म्हातारं माणूस असेल तर ‘ही वस्तू काय’ असं विचारू नका. ‘तेव्हा काम कसं चालायचं’ असं विचारा. वस्तूचं नाव त्यांना माहीत नसतं, पण तिच्यामुळे घरात काय शिस्त पाळावी लागायची ते लख्ख आठवतं.

मग सफाई. यात घाई करू नये. दिरांनी ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून दोन मिनिटांत चकचकीत करून देतो म्हटलं, मी नको म्हणाले. जुन्या भागावर कारखान्याचं नाव, नंबर, मापं पंच नावाच्या हत्याराने ठोकून उठवलेली असतात आणि ग्राइंडरने गंजाबरोबर तीही जातात. किराणा दुकानातून ४० रुपयांचं लिंबूसत्व आणलं, प्लास्टिकच्या टबात कोमट पाण्यात विरघळवून चकती बुडवली. दर तासाभराने काढून जुन्या टूथब्रशने घासायची, भोकांतला गाळ बांबूच्या काडीने काढायचा. संध्याकाळपर्यंत गंज सुटला. रात्रभर मात्र ठेवू नका, आम्ल धातूही खातं. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, लगेच पुसून उन्हात वाळवली आणि शिलाई मशीनचं तेल लावलं. तेल लावेपर्यंतच्या वेळातही बिडावर, म्हणजे ओतीव लोखंडावर, पुन्हा तांबूस झाक चढते, त्यामुळे फडकं आणि तेल आधीच जवळ असू द्यावं.

बीड आहे हे कसं कळलं तेही सांगते. लोहचुंबक चिकटलं, म्हणजे पितळ वा अ‍ॅल्युमिनियम नाही एवढं ठरलं. कडेला, जिथे काही कोरलेलं नव्हतं तिथे, बारीक कानस दोनदा फिरवली. साध्या लोखंडाचा कीस चमकदार निघतो. इथे काळपट भुकटी पडली आणि बोटं काळी झाली. बिडात ग्राफाइट असतं, त्याची ही खूण. त्याच सुमारास एका खाजगी तपासणी प्रयोगशाळेत फोन केला होता. धातूचं रासायनिक पृथक्करण करून देतो, हजारच्या आसपास खर्च, असं उत्तर मिळालं. विचार केल्यावर तो नाद सोडला. वस्तू कशाची बनली आहे एवढंच त्या अहवालात येणार होतं, कशासाठी बनली ते नाही.

वाळलेली चकती दुपारच्या उन्हात तिरकी धरली आणि प्रत्येक वर्तुळाजवळ पंचाने मारलेला आकडा दिसला. बाहेरून आत: ३३, ३१, २९, २७, २३. सर्वांत आतला आकडा गंजाने खाल्ला होता. त्यावर खडू चोळून जादाचा पुसल्यावर खड्ड्यात पांढरी रेघ राहिली आणि २१ वाचता आलं.

मग भोकं मोजली. एका भोकापाशी खडूची खूण करून फिरत गेले. २७ लिहिलेल्या वर्तुळात २७ भोकं. २९ च्या वर्तुळात २९. सगळीकडे तसंच, एकूण १६४. आकडा म्हणजे त्या वर्तुळातल्या भोकांची संख्या, एवढं त्या रात्री पक्कं झालं. सोऱ्याच्या चकतीवर किंवा जाळीवर भोकांची संख्या कोण कोरून ठेवील? फ्लँजला तर बोल्टची चार-आठ मोठी भोकं असतात. सगळे अंदाज एका झटक्यात बाद झाले.

आणि आकडे तरी कसले! २३, २९ आणि ३१ मूळ संख्या. २७ म्हणजे तीनचा घन. २१ मध्ये सात, ३३ मध्ये अकरा. २२, २४, २५, २८ नाहीत. सातवीच्या वर्गात मी मसावि-लसावि शिकवते, त्यामुळे हे आकडे भागाकारासाठी निवडलेले आहेत असा संशय आला. पूर्ण वर्तुळाचे ‘समान भाग’ करायचं हे काहीतरी साधन असावं. पण २७ भाग करायला एक वर्तुळ, तर मग २८ करायला काय, हे कळेना.

सोमवारी शाळेच्या प्रयोगशाळेतून व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, घरी आणला. चकतीचा व्यास १४ सेंटीमीटर, जाडी ८ मिलिमीटर, मधलं भोक २५ मिलिमीटरच्या आसपास. बारीक भोकांसाठी अण्णांच्याच पोत्यातले ड्रिल कामाला आले: ४ मिलिमीटरच्या ड्रिलचा मागचा गुळगुळीत दांडा प्रत्येक भोकात अलगद गेला आणि जराही हलला नाही. १६४ पैकी एकही भोक सैल नव्हतं. त्याच पोत्यात अजून एक तुकडा होता, मी तो बाजूला ठेवला होता: दोन पातळ चपट्या पट्ट्या एकाच कड्यावर फिरणाऱ्या, त्यांच्यातला कोन कमीजास्त करून छोट्या स्क्रूने पक्का करता येणारा. ते कडं चकतीच्या मध्यावर बरोबर बसलं.

तुमच्याकडे अशी वस्तू असेल तर एवढं सगळं एका कागदावर उतरवल्याशिवाय बाहेर पडू नका. फोटो दाखवला की माणसं अंदाज सांगतात. मापं आणि आकडे पुढे ठेवले की जाणकार माणूस थांबून विचार करतो. हा फरक मी पुढे प्रत्येक ठिकाणी अनुभवला.

कुणाकडे जायचं हा प्रश्न होताच. गणपती पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानदारांनी चकती बघून, "हे नव्या मालात येत नाही, कुणी तरी जुना मिलर, मिलिंग मशीनवरचा कारागीर बघा," असं सांगितलं. एका मोठ्या शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात गेले तर तिथे बाहेरच्या माणसाची वस्तू बघायची पद्धत नाही, असं ऐकून परत यावं लागलं. शाळेतल्या सहकाऱ्यांनी आयटीआयचं नाव सुचवलं आणि ते बरोबर निघालं. मशीनिस्ट आणि टर्नर शिकवणारे निदेशक तिथे असतात आणि त्यांचे हात रोज यंत्रांवर असतात.

२७ जानेवारीला तिथे गेले. गेटवरच अडचण आली. लोखंडी वस्तू आत नेली तर बाहेर नेताना ती संस्थेचीच नाही हे दाखवावं लागतं. रखवालदारांनी समजावून सांगितलं: प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहा, वस्तूचं वर्णन आणि वजन लिहा, आधारकार्डाची झेरॉक्स जोडा, आवक विभागात नंबर घ्या. मी अर्ज तिथेच बाकावर बसून लिहिला. ‘घरगुती वर्कशॉपमधील जुन्या यंत्रभागाची ओळख पटविण्यासाठी मार्गदर्शन मिळणेबाबत’ असा विषय टाकला. सोबत मापांचा कागद जोडला. आवक क्रमांकाचा शिक्का दुसऱ्या प्रतीवर मारून घ्या, पुढच्या वेळी तोच दाखवावा लागतो. फी काही नव्हती. निदेशकांची वेळ लगेच मिळाली नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या चाचण्या सुरू होत्या. फोन येईल, म्हणाले. दहा-अकरा दिवस फोन आला नाही. अर्ज कुठल्या तरी फायलीत पडला असणार, असं वाटून मन खट्टू झालं होतं. ७ फेब्रुवारीला मीच आवक क्रमांक सांगून चौकशी केली आणि सोमवारी, १० तारखेला बोलावणं आलं.

सरांनी चकती पिशवीतून काढायच्या आधीच माझा कागद वाचला होता. "२१, २३, २७, २९, ३१, ३३. ही डिव्हायडिंग हेडची इंडेक्स प्लेट, मॅडम. ब्राउन अँड शार्पच्या सेटमधली दोन नंबरची." मग त्यांनी चकती हातात घेतली, अंगठ्याने भोकांवरून फिरवली आणि विचारलं, "एक आणि तीन नंबर कुठे आहेत?"

त्यांनी सांगितलं ते असं. गिअरचे दात पाडताना प्रत्येक दातानंतर तो तुकडा नेमका तेवढाच फिरवावा लागतो. त्यासाठी मिलिंग मशीनवर, म्हणजे फिरत्या कटरने धातू कापणाऱ्या यंत्रावर, डिव्हायडिंग हेड बसवतात. आत ४० दातांचं एक चाक आणि त्यात अडकलेला वर्म, म्हणजे स्क्रूसारखा पिळाचा दांडा, असतो. बाहेरचा हँडल ४० फेरे फिरला की आतला तुकडा एक फेरा फिरतो. म्हणजे २० दात हवेत तर दर दाताला हँडलचे दोन फेरे. २८ दात हवे असतील तर ४० भागिले २८, म्हणजे एक पूर्ण फेरा आणि तीन सप्तमांश. हा तीन सप्तमांश डोळ्यांनी मोजता येत नाही, म्हणून ही चकती. तीन सप्तमांश म्हणजे नऊ एकविसांश: २१ च्या वर्तुळात नऊ भोकं पुढे. माझ्या अडलेल्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. पहिल्या प्लेटवर १५ ते २० ची सहा वर्तुळं असतात, तिसरीवर ३७, ३९, ४१, ४३, ४७ आणि ४९. तिन्ही मिळून छेदाच्या बहुतेक गरजा भागतात. ब्राउन अँड शार्प ही अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्सची कंपनी. ड्रिलवरच्या पिळदार खाचा पाडता याव्यात म्हणून त्यांनी १८६२ मध्ये युनिव्हर्सल मिलिंग मशीन काढलं, त्यावर हे हेड होतं. आमच्या चकतीवर कुणाचंच नाव नाही. आकड्यांची ती मांडणी पुढे अनेक कारखान्यांनी घेतली, त्यामुळे आमची प्लेट कुणी बनवली हे यावरून ठरत नाही, असंही सरांनी स्पष्ट सांगितलं.

दोन पट्ट्यांचा तो तुकडा म्हणजे सेक्टर आर्म. दर वेळी भोकं मोजत बसायला नको म्हणून त्या दोन पट्ट्यांत हवी तेवढी भोकं पकडून ठेवायची. यात नवीन मुलं हमखास अडकतात असं सर म्हणाले: नऊ भोकं पुढे जायचं तर पट्ट्यांच्या मध्ये दहा भोकं दिसली पाहिजेत, कारण हँडलची पिन ज्यात उभी आहे ते भोक मोजायचं नसतं. सासूबाईंची चहाची गोष्ट मी त्यांना सांगितली. ते म्हणाले, "बरोबर आहे. एक भोक चुकलं की अख्खा गिअर वाया."

त्यांनीच कुपवाड एमआयडीसीतल्या एका छोट्या गिअर कटिंगच्या वर्कशॉपचा पत्ता दिला. दहावीच्या परीक्षांची गडबड सुरू होण्याआधी, १५ फेब्रुवारीला, मी आणि नवरा तिथे गेलो. तिथले मिस्त्री सत्तरीचे आहेत. संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रं आल्यापासून असं काम कमी झालंय, पण जुन्या यंत्राचा एखादाच गिअर तुटला की लोक अजून त्यांच्याकडे येतात. त्या दिवशी २८ दातांचाच गिअर चालू होता. कटर एक खाच पाडून मागे यायचा, मिस्त्री पिन ओढायचे, हँडल एक फेरा फिरवायचे, पट्टीला टेकेपर्यंत पुढे नेऊन पिन सोडायचे. टक् असा आवाज. मग पट्ट्या सरकवून पिनेला लावायच्या आणि पुन्हा कटर. एकदा हँडल किंचित पुढे गेला तर त्यांनी तो नुसता मागे आणला नाही, चांगला अर्धा फेरा मागे नेऊन पुन्हा पुढच्याच दिशेने भोकाशी आणला. "वर्ममधी ढिलाई असतीय. एकाच अंगानं आलं पायजे, न्हायतर दात बारका-मोठा होतोय." तासभर आम्ही बोललो नाही. अठ्ठाविसावी खाच पडली आणि पिन पहिल्या भोकात जाऊन बसली, तेव्हा नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. वडिलांचं काम त्याने लहानपणी लांबूनच पाहिलं होतं.

आमची प्लेट त्यांच्या हेडवर बसली नाही. मधलं भोक लहान आणि स्क्रूंची जागा वेगळी. हे लक्षात ठेवा: भोकांची वर्तुळं सारखी असली तरी प्लेट कुठल्याही हेडवर चालतेच असं नाही. अशी जुनी प्लेट विकत घेणार असाल तर मधल्या भोकाचं माप आणि स्क्रूंमधलं अंतर आधी विचारा.

घरी आल्यावर नवऱ्याने अण्णांच्या वह्या काढल्या. हिशेबाच्या समजून त्या आम्ही ठेवल्या होत्या, त्यातली एक पुरातूनही वाचली होती. तिच्यात पानोपानी चार-चार आकड्यांच्या ओळी आहेत. मजुरी किंवा उधारीचे आकडे असतील असं आम्हाला वाटायचं, पण बेरजा कधी जुळायच्या नाहीत. आता पहिलीच ओळ वाचली: २८ – १ – ९ – २१. दात, फेरे, भोकं, वर्तुळ. पुढची २२ – १ – २७ – ३३. मी ४० भागिले २२ करून पाहिलं: एक पूर्णांक नऊ अकरांश, म्हणजे सत्तावीस तेहतिसांश. बरोबर. ३५ – १ – ३ – २१ बरोबर. ४६ – ० – २० – २३ बरोबर. त्या रात्री आम्ही दोघांनी बसून पानंच्या पानं तपासली. एकही ओळ चुकलेली सापडली नाही. अण्णा जुन्या सातवीपर्यंत शिकलेले होते.

४६ आणि ५८ या ओळींपुढे ‘विटा’ लिहिलं आहे. याचा उलगडा कुपवाडच्या मिस्त्रींनी फोनवर केला. विटा गावचे यंत्रमाग. कापडात इंचाला आडवे धागे किती पडायचे, ते मागाच्या चेंज व्हीलच्या, म्हणजे बदलता येणाऱ्या दातेरी चाकाच्या, दातांवर ठरतं. सात चाकांच्या एका रचनेत तर चेंज व्हीलचे जितके दात, तितके इंचाला पिक, म्हणजे आडवे धागे. कापडाचा पोत बदलला की वेगळ्या दातांचं चाक लागायचं आणि ते करून घ्यायला लोक सांगलीला यायचे.

एका पानावर ४८ – ० – १५ – १८ अशी ओळ आहे. हिशेब बरोबर आहे, पण १८ चं वर्तुळ आमच्या प्लेटवर नाही. म्हणजे एक नंबरची प्लेटही अण्णांकडे होती. उरलेली पोती आम्ही पुन्हा पाहिली, मिळाली नाही. हेडबरोबर विकली गेली असेल किंवा पुरात गेली असेल.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात वहीच्या निवडक पानांच्या झेरॉक्स आयटीआयच्या सरांना नेऊन दिल्या. मुलांना इंडेक्सिंगची, म्हणजे फेरे-भोकांच्या या हिशेबाची, उदाहरणं म्हणून वापरणार आहेत. त्यासाठीही एक अर्ज आणि आवक क्रमांक लागलाच. मूळ वही घरीच ठेवली आहे. पानं ओलीने चिकटू लागली होती म्हणून मध्ये बटर पेपर घातला. एकूण खर्च पाहिला तर लिंबूसत्व, तेल, झेरॉक्स आणि पेट्रोल धरून पाचशे रुपयांच्या आत भागलं.

वहीत विट्याच्या एका कारखानदारांचं नाव आहे. त्यांच्या मुलाशी परवा फोनवर बोलणं झालं. जुने माग मोडीत निघाले, पण चाकांची एक पेटी गोदामात आहे, म्हणाले. मे महिन्याच्या सुट्टीत बघायला या म्हणून सांगितलंय. ४६ आणि ५८ दातांची चाकं असतील तर बाजूला काढून ठेवा, असं मी त्यांना सांगितलं आहे, आणि शाळेचा व्हर्नियर सुट्टीत न्यायला मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेतली आहे.